खंडेनवमीचा लेथ

आमच्या आप्पांना कोणी भंगारवाला म्हणलं की माझं डोकं सणकतं. आजबी सणकतं. अहो, भंगारवाला लोखंड किलोवर घेतो आन् जालन्याच्या भट्टीत नेऊन घालतो. माझे सासरे, मन्मथप्पा, लोखंड भट्टीत जाऊ नये म्हणून उन्हातान्हात फिरायचे. फरक हाय का न्हाई? पण अंबाजोगाईच्या बाजारात हे कोणाला सांगावं! ह्या गावात माणूस हातात गंजका नट घेऊन निघाला की भंगारवाला ठरला.

त्यांचा धंदा असा हुता. कुठं कापसाची जिनिंग बंद पडली, कुठं तेलाची गिरणी बसली, कुठल्या मालकानं वर्कशॉपला कुलूप घातलं, की आप्पांच्या कानावर यायचंच. मंग एस.टी.नं, टेम्पोनं, न्हाईतर सरळ पायी तिथं जायचे. आत पडलेली जुनी मशीन कोणची, कवाची, अजून किती काम देईल ते पारखायचे. आन् कोणी नवीन वर्कशॉप टाकायच्या विचारात आसलं की त्याला हाताला धरून नेऊन दाखवायचे. नव्वदनंतरची सालं ती. पेपरात रोज यायचं, बाजार खुला झाला, बाजार खुला झाला. आमच्याकडं तर एकेकाला टाळं लागत चाललं हुतं. आप्पांना मात्र सवड न्हाई, लोकाची गिरणी बुडाली की आमच्या घरी पोळी.

त्यांची पारख बघायला मजा यायची. लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं तवा मला वाटलं, सासऱ्याचं डोकं फिरलंया. परळीला पाहुण्यांकडं गेलतो. शेजारी एक लेथ, म्हंजे लोखंड गरागरा फिरवून कातायची मशीन, विकायला पडलेला. आप्पांनी आधी मशीन हुंगली. खरंच सांगते, नाक लावून! जळक्या तेलाचा वास आला की समजायचं, मालकानं हिला बैलावानी पिदडलीया. मंग डोळे मिटून मशिनीच्या लांब पट्टीवर, जिच्यावर सगळं पुढंमागं सरकतं तिच्यावर, अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकलं तिथं झीज. मंग शेपटाकडच्या टोकाला खिशातल्या चावीनं रंग खरवडला आन् खालचा ठोकलेला नंबर काढला. "रंग कोणबी मारतंय, बाय," मला म्हणले, "वर इंग्रजी नावाची पाटीबी कोणी लावतंय. तू पाय बघ. जुन्या विलायती मशिनीचे पाय वळणदार आसतेत, देव्हाऱ्यावानी. नंतर आपल्याकडं बनल्या त्यांचे पाय म्हंजे खोकं."

आन् सगळ्यात शेवटी हातोडा. पितळी मुंडीचा बारका हातोडा हुता, कमरेला खोचलेला. एकेका भागावर हलकंच ठोकायचे आन् कान द्यायचे. ओतीव लोखंड अखंड आसलं की ठण्ण वाजतं, लांबपर्यंत. आत भेग आसली की बद्द. वरनं रंग आसू दे, तेल आसू दे, भेग डोळ्याला दिसत न्हाई. ठोकल्याबिगर आप्पांनी एकबी मशीन कोणाच्या पदरात घातली न्हाई. लोक हसायचे, डॉक्टर आले म्हणायचे. हसू द्या. मराठवाड्यात कितीक वर्कशॉप त्या हातोड्याच्या भरवशावर उभे राहिले.

पण स्वतःच्या घरात एकबी मशीन न्हाई. ह्याचं मला लई नवल वाटायचं. माझा नवरा वीरेश आयटीआय केलेला टर्नर, हात असा की लोखंडाची भिंगरी करील, आन् राबायचा लोकाच्या लेथवर. तेवढ्यात त्याच्या दोस्ताचं पुण्यावरनं बोलावणं आलं. तिकडं नवीन नवीन कंपन्या निघत हुत्या, टर्नरला मागणी लई. वीरेशचं मन झालं. आन् खोटं कशाला बोलू, माझंबी झालं. मी पाटोद्याची पोरगी. मलाबी वाटायचं, नळाला पाणी येणाऱ्या गावात राहावं, पोरीला चांगल्या शाळेत घालावं. मी तर मनातल्या मनात भांडी बांधून ठेवलीती.

आप्पा मात्र खचले. माझ्या सासूबाई, गंगासागर, आदल्या सालीच गेलेल्या. एकुलता एक पोरगा. ताटावर बसायचे आन् भाकरीचा तुकडा मोडून तसाच धरायचे. एक दिवस म्हणले, "वीरेश, तुला मशीन आणून दिली तर राहशील का?" वीरेश म्हणला, "आप्पा, चांगली आसंल तर राहतो." झालं. त्या दिवसापासून आप्पांनी दुसऱ्या कोणासाठी मशीन बघणं बंद केलं. पोराला गावात ठेवायचं, एवढंच एक डोक्यात. आन् माझ्या पुण्याचं काय? सुनेला कोण विचारतंय!

दसऱ्याच्या तोंडावर गहिनीनाथ निरोप घेऊन आला. गहिनीनाथ म्हंजे टेम्पोवाला, आप्पांच्या मशिनी तोच वाहायचा. म्हणला, दिंद्रुडच्या पुढं अर्जुनरावांची जिनिंग हाय ना, ती मोडतेत. अर्जुनराव जाऊन झाली वर्षं. त्यांचा पोरगा विजयसिंह त्या जागेवर पेट्रोल पंप टाकणार. दसरा झाला की जालन्याचे ट्रक लागणार आन् सगळं लोखंड भट्टीत. पण म्हातारीनं, सत्यभामाबाईंनी, पोराला अडवलं. वर्कशॉपातला लेथ मोडायचा न्हाई म्हणल्या, चालवणाऱ्याच्या घरी द्यायचा.

निरोप अष्टमीला आला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, आन् दसऱ्याचा दिवस सरला की ट्रक. आप्पांनी गहिनीनाथला तिथंच धरून ठेवला. सकाळी टेम्पोत आप्पा, वीरेश आन् मी. मी कावून? माझ्या गळ्यातलं सोनं जाणार हुतं त्या मशिनीत. कशात जातंय ते बघितल्याबिगर मी देणार नव्हते.

जिनिंग ओसाड. बाभळी माजलेल्या, पत्रे उडालेले. पण वर्कशॉपची खोली झाडून, सारवून, रांगोळी घातलेली. खंडेनवमी ना. त्या दिवशी शेतकरी नांगर पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो, आन् त्या दिवशी कोणी आपलं हत्यार चालवत न्हाई. ते बसलेलं आसतं, देवावानी. सत्यभामाबाई नवऱ्याच्या माघारी दरसाल त्या बंद वर्कशॉपात येऊन मशिनीची पूजा करत हुत्या. चालवायला माणूस न्हाई, लाईट कवाच तोडलेली, तरी पूजा चुकली न्हाई. मला त्या बाईचं कौतुक वाटलं. पांढरी केसं, नऊवारी पातळ, हातात आरतीचं ताट.

आन् मशीन! मला काय कळतंय, पण मलाबी कळलं. लांबलचक, काळीभोर. तिच्या तोंडाला चक बसवलेला. चक म्हंजे लोखंडाची जाड थाळी, चार जबड्यांची, काम पकडून गरागरा फिरवणारी. त्या चकावर शेंदराचं मोठं स्वस्तिक, वरनं हळदीकुंकू, झेंडूचा दाट हार. आप्पांनी पाय बघितले. वळणदार. टोकाला रंग खरवडला, नंबर निघाला. बुडाशी ओतलेली उठावाची इंग्रजी अक्षरं बोटानं चाचपली. मंग डोळे मिटून नख फिरवलं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठंच अडकलं न्हाई. आप्पांच्या डोळ्यांतनं पाणी आलं. म्हणले, "वीरेश, जलमभर दुसऱ्यासाठी हुडकत हिंडलो, आन् ही हितं बसलीती."

मंग सवयीनं त्यांचा हात कमरेला गेला. हातोडा निघाला. आन् तिथंच थांबला.

वीरेश म्हणला, "ठोका की, आप्पा."

"खंडेनवमी हाय बे आज," आप्पा म्हणले. "पूजेला बसलेल्या हत्याराला हातोडा मारतेत व्हय?"

"मंग तेवढा हार तरी सरकवून बघा."

"बाईसाहेबांच्या डोळ्यांदेखत पूजा मोडू? हे पाप न्हाई करायचं."

सत्यभामाबाईंनी पदर डोळ्याला लावला. त्यांना बरं वाटलं, बघा. इतकी वर्षं ज्या मशिनीला त्यांनी देव मानलं, तिला देव मानणारा माणूस भेटला. त्यांनी ओटीतला नारळ काढून आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी तो कपाळाला लावला. आमच्याकडं नारळ घेतला म्हंजे सोयरीक पक्की. मंग पाहणी न्हाई, तपासणी न्हाई. आन् दुसऱ्या दिवशी दसरा, साडेतीन मुहूर्तातला एक. पहाटेपासून चेन लावून, ओंडके लावून, गडी लावून मशीन टेम्पोत चढवली. हार गळ्यात, स्वस्तिक तोंडावर, तशीच. सत्यभामाबाईंनी तिला ओवाळली. लेकीला लावून द्यावं तसं वाटेपर्यंत आल्या.

घराला लागून पत्र्याचं शेड टाकलं. मशीन बसली. वीरेशनं एकदा म्हणून बघितलं, मी तिथंच हुते. "आप्पा, आता तरी चक ठोकून बघा." आप्पा चिडले. "बघायचं ते बघून आणलंय. सून उंबऱ्याच्या आत आल्यावर तिची पत्रिका काढतेत का बे?" वीरेश हसला, माझ्याकडं बघून डोळा मारला. त्याला वाईट वाटलं न्हाई. आप्पांचा शब्द त्याला देवाचा. दिवाळीच्या पाडव्याला मशीन चालू केली. चकावरचं स्वस्तिक पुसायचं कोणाच्या मनात आलं न्हाई, उलट मीच त्याच्यावर नवीन कुंकू लावलं.

चांगले दिवस आले म्हणावं तर आलते. ऊसतोडीला निघायच्या गाड्यांचे आस, मोटारीचे शाफ्ट, कायबाय काम यायचं. वीरेश शीळ घालायचा कामावर. आमची कावेरी दारात बसून लोखंडाचे चकचकीत वेटोळे गोळा करायची, मी वरडायचे, पोरी हात कापंल. पुण्याचं नाव निघंना. मीबी मनातली भांडी सोडली. बाईमाणूस जिथं चूल पेटंल तिथली हुते, काय करता.

एक दिवस कारखान्याकडनं ट्रॅक्टरचा जड ड्रम आला. आतून घासून द्यायचा. जड काम, घट्ट धरावं लागतं. वीरेशनं चावी घालून जबडे आवळले. मी ओट्यावर भाकऱ्या थापत हुते. मशीन चालू झाल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं एक आवाज झाला. असा आवाज मी त्याच्या आधी ऐकला न्हाई, त्याच्या नंतर न्हाई. मंग मशीन नुसतीच फिरतीया, खडखड खडखड, आन् कोणी बंद करंना.

चक फुटला हुता. एक जबडा तुकड्यासकट सुटून वीरेशच्या कानाच्या वर लागलेला. आप्पा माझ्या आधी पोचले. त्यांनी बटन बंद केलं, पोराचं डोकं मांडीवर घेतलं आन् "वीरेश, ए वीरेश" म्हणत त्याच्या गालावर चापट्या मारत राहिले, झोपलेल्याला उठवावं तसं. गहिनीनाथच्या टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर धावत आले बिचारे. पण त्यांच्या हातात काय नव्हतं राहिलं.

आमच्यात जाळत न्हाईत. विभूती लावून, बसवून पुरतेत. गावाच्या कडेला आमची जागा हाय. मातीला येऊन घरात बसलेल्या बायकांत कोणीतरी म्हणलं, नसीब म्हणायचं. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "आप्पांना पोरगा गावात ठेवायचा हुता ना? ठेवला!" आप्पा दारातच बसलेले, त्यांनी ऐकलं. मी बोलले त्याचा मला पस्तावा न्हाई. बोलले नसते तर फुटले आसते.

दिवस झाल्यावर आप्पा शेडात गेले. चकाचे तुकडे कोणी उचलले नव्हते. एक तुकडा हातात घेऊन बाहेर उजेडात आले आन् मला म्हणले, "हिकडं ये. बघ."

मी बघितलं. तुटलेली कड. बाहेरच्या बाजूला थोडी जागा चांदीवानी लखलखीत. बाकी सगळी काळी, तेल आन् गंज मुरलेली.

"जेवढं चमकतंय तेवढंच त्या दिवशी तुटलं," आप्पा म्हणले. "बाकी भेग कैक वर्षांची हाय. शेंदराखाली हुती. एक टोला मारला आसता, बद्द वाजलं आसतं. नुसता एक टोला, रोहिणी."

मला त्यांचा राग आलता, लई आलता. पण तो माणूस असा उभा हुता की त्याच्यावर राग काढायलाबी जागा नव्हती. मनात मात्र एक खुटखुटत राहिलं. एवढी जपलेली मशीन, नख अडकत न्हाई असली, आन् तिच्या तोंडाला असला नासका चक कसा? आप्पांनाबी तेच खात हुतं. म्हणायचे, ह्या मशिनीच्या मालकानं हा चक चालवलेला न्हाई. चालवला आसता तर तवाच फुटला आसता. त्यांना वाटायला लागलं, विजयसिंहानं मुद्दाम बदलला. फसवलं आपल्याला. मलाबी तसंच वाटलं, आन् खरं सांगू, बरं वाटलं. शिव्या द्यायला एक माणूस मिळाला.

संक्रांतीच्या पुढंमागं सत्यभामाबाई आल्या. जीपमधनं उतरल्या, काठी टेकत. त्यांना एवढंच कळलं हुतं की पोराला काम करताना लागलं आन् तो गेला. माझ्या गळ्यात पडून रडल्या. कावेरीला मांडीवर घेतलं. आप्पा खाली मान घालून समोर बसलेले. बाईंनी डोळे पुसले आन् ड्रायव्हरला हाक मारली. ड्रायव्हर आन् आणखी एक गडी जीपमधनं गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड घेऊन आले, ओट्यावर ठेवलं.

"मन्मथप्पा, हे तुमचं राहिलंतं," बाई म्हणल्या. "मशिनीचा खरा चक. गोदामात गोणपाटाखाली हुता, ट्रक भरताना सापडला. आमच्या मिस्त्रीनं जाताना तेल लावून काढून ठेवलेला."

आप्पांनी मान वर केली. "मंग मशिनीवर हुता तो?"

"तो जुना. मिस्त्रीनं कधीच बाजूला टाकलेला, फुटका म्हणून. पण चांगला काही सापडंना, आन् नवमीला मशीन तशीच उघडी कशी पुजायची? बिगर तोंडाचा देव पुजतेत का? म्हणून दरसाल वॉचमनला सांगायचे, तो जुना तरी बसव बाबा, स्वस्तिक काढायला, हार घालायला. मला वाटलं, तुम्ही जाणकार, घरी नेल्यावर बदलालच."

मला वाटलं, उठावं आन् त्या म्हातारीचा गळा धरावा. खरंच वाटलं. फुटका म्हणून! तिला माहीत हुतं. आम्ही तिथं उभे हुतो, ती तिथं उभी हुती, आन् तिच्या पोटात हे हुतं. पण तिला कोणी इचारलं न्हाई, आन् आपण सांगावं असं तिला वाटलं न्हाई. तिनं देवाला तोंड दिलं, आप्पांनी देवाला हात लावला न्हाई, आन् मधल्या मधी माझा वीरेश गेला. विजयसिंहाला उगंच शिव्या घातल्या, तेबी गेलं हातातनं.

बाई आपल्या मायेनं कावेरीच्या केसावरनं हात फिरवत बसलेल्या. काय सांगितलं आपण, ह्याचा त्यांना पत्ता न्हाई.

आप्पा उठले. मी म्हणलं, आता ह्यांचा तोल जातो. त्यांनी हात जोडले. "पूजा बरोबर केली तुमी, बाईसाहेब. तुमचं काय चुकलं न्हाई. रोहिणी, चहा टाक."

मी चहा टाकला. साखरबी घातली.

जीप गेल्यावर मी म्हणलं, "सांगायचं हुतं तिला, आप्पा. कळू द्यायचं हुतं."

"कावून? कळून वीरेश येतोय का?"

"न्हाई येत. पण आपण दोघांनीच कावून हे घेऊन बसायचं?"

आप्पांनी बाईंची कपबशी उचलली आन् विसळायला नेली.

लोक म्हणले, मशीन काढून टाक, अपशकुनी हाय. मी न्हाई काढली. माझं सोनं तिच्यात गेलं, माझा नवरा तिच्यात गेला, आता माझ्या पोरीची भाकर तिच्यातनंच निघंल, म्हणलं. गोणपाटातला चक बसवून घेतला, माणूस ठेवला, पुढं त्याच्याजवळ बसून मीच शिकले. आप्पा परत कोणाची मशीन बघायला गेले न्हाईत. बोलवायला यायचे लोक, लांबलांबनं. आप्पा सांगायचे, कान गेले माझे. कुठले गेले! रात्री कावेरी झोपेत कण्हली तरी त्यांना ऐकू यायचं. शेडात मात्र मरेपर्यंत पाऊल टाकलं न्हाई. मशीन चालू झाली की उठून बाजाराकडं निघून जायचे.

ती मशीन अजून चालतीया. लई गुणी हाय. एवढ्या वर्षांत एक दिवस तिनं त्रास दिला न्हाई, केसाएवढा फरक पडला न्हाई. आप्पांनी अख्ख्या जलमात पारखलेली सगळ्यात चांगली मशीन तीच हुती, हे मला रोज तिच्यासमोर उभं राहून कबूल करावं लागतं, आन् रोज मला त्याचा राग येतो.